वकिलांच्या फाटकापुढची भाजी

“आली बघा सर, तुमच्या वकिलाची,” असं म्हणत प्रणालीनं मॉनिटर अद्वैतकडे वळवला.

तक्रार तीच होती, शब्दही जवळपास तेच. जुन्या टपाल कार्यालयाच्या कोपऱ्यावर, आपल्या घराच्या फाटकाला लागून, जयवंता किसनराव नावाची बाई रोज भाजी मांडून बसते. रहदारीला अडथळा होतो. रीतसर नोटीस देऊन तिला उठवावे. खाली ॲडव्होकेट गोपाळकृष्ण यांचं नाव.

“नावागावासकट लिहितात हो!” प्रणाली म्हणाली. “साऱ्या गावात ठेले लागून राहिले, अन् यांच्या डोळ्यात खुपते ती एका बाईची टोपली.”

“वकील आहेत. त्यांना नाव नसलं की करमत नाही,” अद्वैत म्हणाला.

पालिकेच्या अतिक्रमण विभागात तो निरीक्षक होता. या तक्रारीवरचा उपाय त्यानं कधीच शोधून ठेवला होता. नांदगाव खंडेश्वराकडून येणाऱ्या एसटीतून जयवंता उतरायच्या आधीच तो कोपऱ्यावर जायचा आणि मोकळ्या जागेचा फोटो काढायचा. ‘स्थळपाहणी केली, अतिक्रमण आढळले नाही’ असा शेरा मारला की तक्रार बंद. त्या घटकेला तिथे खरोखरच कुणी नसतं, अशी तो स्वतःची समजूत घालायचा आणि ती त्याला लगेच पटायची.

हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, जयवंतालाही नाही. केलेला उपकार बोलून दाखवू नये, असं त्याला घरी शिकवलं होतं. न बोलण्याचा मात्र त्याला भारी अभिमान होता.

यंदा तर मोहीमच निघाली होती. गावाबाहेर नवी मंडई बांधून तयार होती आणि रस्त्यावरून उठवलेल्यांची रवानगी तिथल्या ओट्यांवर व्हायची होती. आधी नोटीस, मग ट्रक, मग ओटा, असा क्रम ठरलेला. मंडईवर छप्पर होतं, नळ होता, सगळं होतं. पण एवढ्या लांब गिऱ्हाईक फिरकणार कसं, असं अद्वैतला वाटायचं. बसलेली घडी मोडून बिचाऱ्या जयवंताला तिकडे धाडायचं त्याच्या जिवावर आलं होतं. तिचं घर या कोपऱ्यावर चालत होतं.

एकदा भर दुपारी तो तिथून जात होता. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. जयवंता डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन मेथीवर पाणी शिंपडत बसली होती. तिची छत्री वकिलांच्याच फाटकाला बांधलेली होती. बाईची हिंमत पाहून अद्वैतला हसू आलं.

“साहेब, नोटीस निंगाली काय जी?” तिनं विचारलं.

“कोनाची?”

“माहीच म्हना ना. बाकीच्याईले भेटली म्हनतात. म्हून इचारलं.”

“तुमी कायले भेता मावशी? मी आहो ना.”

ती त्याच्याकडे पाहतच राहिली. मग तिनं मेथीची चांगली ताजी जुडी उचलून पुढे केली. “घरी न्या जी. अन् आमच्याकडंबी पाहा थोडं.”

“पाहूनच राहिलो,” अद्वैत म्हणाला आणि जुडी परत टोपलीत ठेवली. त्याला भरून आलं. किती धास्तावली होती बिचारी!

फाटकाच्या आत वकीलसाहेब पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “काय हो, तुमच्या खात्याला डोळे आहेत की नाहीत?”

“आहेत ना साहेब, म्हणून तर,” अद्वैत गोड हसून म्हणाला. म्हातारा मनातल्या मनात जळत असणार, याची त्याला खात्री होती.

पुढच्या आठवड्यात वकिलांनी थेट मुख्याधिकाऱ्यांना अर्ज केला. अद्वैतला केबिनमध्ये बोलावणं आलं. त्यानं एकेक फोटो शांतपणे दाखवला. मोकळा फुटपाथ, मोकळा कोपरा. मुख्याधिकाऱ्यांनी मान हलवली आणि अर्ज निकाली निघाला. बाहेर येऊन त्यानं प्रणालीला चहा पाजला, कशाबद्दल ते मात्र सांगितलं नाही.

मोहीम संपली, ओट्यांचं वाटपही आटोपलं. त्या संध्याकाळी अद्वैतला राहवलं नाही. तो मुद्दाम कोपऱ्यावर गेला. जयवंताची टोपली रिकामी होती आणि ती वकिलांच्या पायरीवर बसून चहा पीत होती. वकीलसाहेब शेजारच्या खुर्चीत होते.

म्हाताऱ्याला उशिरा का होईना लाज वाटली असावी, असं अद्वैतला वाटलं. आता सांगायला हरकत नव्हती. उलट आता सांगायलाच हवं होतं.

“वकीलसाहेब, ओटे वाटून झाले,” तो म्हणाला. “आता मावशीले इथून कोनी हलवत नाही. तुमच्या साऱ्या तक्रारी मीच बंद केल्या. या यायच्या आधी येऊन मोकळ्या जागेचे फोटो काढत होतो.”

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. ते जयवंताकडे वळले.

तिनं कप खाली ठेवला. पदरानं तोंड पुसलं.

“तुमी होते काय जी ते?” ती हळूच म्हणाली. “नोटिशीबिगर ओटा भेटत नाई, म्हून म्याच वकीलसाहेबाले त्या तक्रारी लिवाले लावल्या होत्या.”