गावानं झाकलेलं

उत्तरेश्वरला पोलिसांच्या बिनतारी खात्यात गुप्त निरोपांचं काम मिळणार होतं. चालचलणुकीची चौकशी करायला जमादार गावात आले, तेव्हा ज्याला विचारलं तो म्हणाला, पोरगा निर्व्यसनी आहे. शेवटी ते त्याच्या आईकडं आले.

“लई दारू प्यायचा,” कडूबाई म्हणाल्या. “तुळजापूरला माळ घालून सोडली, त्याला चार वर्षं झाली. दोन्ही लिहा.”

जमादारांनी लिहिता हात थांबवला. “मावशी, नोकरी जाईल. गावानं झाकलंय, तुम्ही कशाला उघडं करता?”

“गेली तर जाऊ द्या. झाकणाऱ्यांतले तिघं आत्ताच त्याला सांगून गेले, ‘आमी गप बसलोय, ध्यानात ठेव. उद्या काम सांगितलं तर न्हाय म्हणायचं न्हाय.’ लिहा तुमी, प्यायचा म्हणून.”