रुग्णाची जागा

वहीच्या पानावर अकरा खेळ लिहिलेले होते आणि त्यांतले दहा ताईंनी खोडले होते.

जोड्यांचे खेळ आधी गेले. मुली चौदा होत्या तोवर जोड्या सरळ लागत, आता एक उरली असती. लपंडाव गेला, कारण सर्वांत शेवटी सापडणारी नेहमी तीच असे. नावांची साखळी तर उच्चारण्याचीही सोय नव्हती. स्ट्रेचरची शर्यत त्यांनी दोन रेघांनी खोडली. चौघींनी रुग्णाला स्ट्रेचरवर घालून मैदानाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळायचे आणि ताईंची शिट्टी झाल्याखेरीज थांबायचे नाही, असा तो खेळ. रुग्ण ठरलेला असे. पिटुकली. ताईंच्या साऱ्या प्रथमोपचार पथकात तिच्याइतकी हलकी दुसरी नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी चार दिवसांच्या तापात ती गेली.

उरला तो चेंडू टोपलीत टाकण्याचा खेळ. त्यात कोणाची जागा रिकामी दिसत नाही, असा ताईंचा हिशेब होता. गेल्या रविवारी पाचच मुली आल्या होत्या. आज कशाबशा तेराही जमल्या. हा एक तास हसतखेळत पार पडला तर पुढच्या रविवारी त्या येतील. रडण्यात गेला तर पथक मोडले. शिवणाच्या दुकानात आठवडाभर मशीन चालवताना ताईंनी दुसरा विचार केला नव्हता.

मुली आज्ञाधारकपणे चेंडू टाकत होत्या. चेंडू टोपलीत पडत होते आणि टाळी कोणीच वाजवत नव्हते.

तेवढ्यात फाटकातून पिटुकलीची आई आत आली. तिच्या हातात घडी घातलेले खाकी कापड होते.

"ताई, हे तुमचं स्ट्रेचरचं कापड," ती म्हणाली. "त्या आठवड्यात धुवायला न्यायचा हिचा नंबर होता. राहूनच गेलं. आता धुतलं, इस्त्रीही केली."

"अहो वहिनी, तुम्ही कशाला? मी आले असते की."

"असू दे. दुसऱ्यांची वस्तू किती दिवस घरात ठेवायची?"

ताईंनी कापड हाती घेतले. कडेची उसवलेली शिवण लाल दोऱ्याने टाचली होती. शिवणाऱ्या डोळ्याला दोन हात निराळे दिसले: अर्ध्यापर्यंतचे टाके लांब, वाकडे, घाईचे, पुढचे बारीक आणि सरळ. मधे गाठ नव्हती. दोरा तोच होता.

"आज पळायचं नाही का तुम्हाला?" आईने मुलींना विचारले.

"आज चेंडू ठेवलाय," ताई घाईने म्हणाल्या.

"चेंडू म्हणजे बालवर्गाचा खेळ," लांबडी पुटपुटली.

चष्मेवालीच्या तोंडात तीळ भिजत नसे. ती म्हणाली, "काकू, रुग्ण व्हायला कोणी नाहीये ना. पिटुकली नाही तर झोपणार कोण?"

लांबडीने चष्मेवालीला कोपर मारले. एवढा वेळ जपलेले एका वाक्यात सांडले होते. आता पहिला हुंदका कोणाचा, एवढेच पाहायचे उरले होते.

आईने ताईंच्या हातातल्या कापडावरून हात फिरवला.

"मी चालेन?"

चष्मेवालीनेच विचारले, "काकू, तुम्ही जड नाही होणार?"

"आता कुठली जड, बाळा."

काठ्या आणायला ताईंनी कोणाला सांगितले नाही. दोघी आपणहून धावल्या. काठ्या कापडात ओवल्या गेल्या. आईने चपला काढून भिंतीशी नीट लावून ठेवल्या, पदर आवळून घेतला आणि ती उताणी झोपली. चौघींच्या जागी सहा जणी लागल्या. बाकीच्या मागे उभ्या राहिल्या.

मुलींनी तिला उचलले आणि त्या चालू लागल्या. हळूहळू, पावलाला पाऊल जुळवत, खाली माना घालून. मागच्याही त्यांच्यामागून निघाल्या. हे दुरून कसे दिसते आहे, ते ताईंच्या ध्यानात आले आणि त्यांचा हात शिट्टीकडे गेला. थांबवायलाच हवे होते.

"अगं, अशा काय चालताय?" स्ट्रेचरवरून आवाज आला. "तिला घेऊन अशाच जायचात का? ती घरी येऊन सांगायची, आई, पडल्या पडल्या बघितलं ना, की सगळं आभाळ पळतं. माझं तर जागचं हलत नाही!"

लांबडीने मान वर केली. "धरा गं नीट," ती म्हणाली. "काकू, काठ्या घट्ट पकडा. एक, दोन..."

आणि त्या पळाल्या. काठ्या करकरल्या, स्ट्रेचर हेलकावले, कोणाच्या तरी केसांची पट्टी उडाली, मागच्या मुली किंचाळत धावल्या. "काकू, पडाल!" चष्मेवाली ओरडत होती. आईने दोन्ही काठ्या धरल्या होत्या. तिचे डोळे सताड उघडे होते आणि डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे ओघळत होते. ते पुसायला तिला हात मोकळा नव्हता.

भिंत जवळ आली. ताईंनी शिट्टी ओठांत धरली होती.

भिंत आली. शिट्टी वाजली नाही. मुलींनी क्षणभर ताईंकडे पाहिले, मग त्या वळल्या, आणि पळतच राहिल्या.