मोकळा

“आता मी मोकळा झालो बघ, पोरी,” फिटरकाका म्हणाले.

दुभाषी मुलीने ते डॉक्टरांच्या भाषेत सांगितलं: त्यांना आता हलकं वाटतंय. डॉक्टर हसल्या आणि त्यांनी वहीत तसं लिहून घेतलं.

मनाच्या डॉक्टरांच्या त्या खोलीत तीन खुर्च्या होत्या. एरवी दुभाषीचं काम खालच्या मजल्यावर, हाडांच्या विभागात. कुठे दुखतं, कधीपासून, गोळी जेवणाआधी की नंतर. त्यात भानगड नसायची. इथे ती फिटरकाकांसाठी पाचव्यांदा आली होती. वर्षभरापूर्वी काकांची बायको गेली आणि मुलाने त्यांना या परक्या शहरात आपल्याकडे आणलं. इथे त्यांचं जेवण सुटलं, झोप उडाली, बोलणं तर जवळपास बंदच झालं. आधीच्या चार वेळा सूनबाई सोडायला आली होती. आज ते एकटे आले होते. दाढी गुळगुळीत, शर्टाला इस्त्री, आणि न विचारता बोलत होते.

“हत्यारं वाटून टाकली,” ते सांगत होते. “पाने जावयाला पाठवले. मापं घ्यायचा व्हर्नियर खालच्या मेकॅनिकला दिला, त्याचा हात चांगलाय. कागदपत्रांची फाईल सूनबाईला दाखवून ठेवली. आता कुणाला माझ्यामागे धावाधाव नको.”

दुभाषीने हेही जसंच्या तसं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. तरी आपण काहीतरी मागे ठेवून येतोय असं तिला वाटत राहिलं. काय ते मात्र कळेना.

“फार छान,” डॉक्टर म्हणाल्या. “पुढच्या वेळी महिन्याने भेटलो तरी चालेल.” मग त्या दुभाषीकडे वळून आपल्या भाषेत म्हणाल्या, “फॉर्मवर एक प्रश्न असतो. जीव नकोसा झालाय का, असा. पण तुमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला असं थेट विचारणं अपमानाचं समजतात ना? प्रशिक्षणात आम्हाला तसं शिकवलंय. शिवाय आज ते इतके बरे दिसतायत. राहू दे ना?”

दुभाषी गोंधळली. तुमच्याकडे म्हणजे कुणाकडे? ती आठ वर्षांची असताना इथे आली होती. तिची भाषा आईच्या ओट्याशी बसून शिकलेली. तिच्या घरात असं कुणी कुणाला विचारलं नव्हतं हे खरं. पण ती रीत होती, की फक्त तिच्या घरच्यांचा स्वभाव? आणि दुभाष्याने पदरचं काही बोलायचं नाही, हा तर नियमच होता.

तेवढ्यात तिला तो शब्द पुन्हा ऐकू आला. भांडी आवरून झाली की आई म्हणायची, चला, मोकळी झाले. धाकटीचं लग्न झालं तेव्हाही आई तेच म्हणाली होती. आणि मावशी दोन वर्षं अंथरुणाला खिळून शेवटी वारली, तेव्हा सगळ्या बायका म्हणाल्या होत्या, मोकळी झाली बिचारी.

“डॉक्टर,” ती म्हणाली, “मघाशी मी एक शब्द चुकीचा सांगितला. चुकीचा नाही, अर्धा.” आणि तिने उरलेला अर्धा सांगितला.

डॉक्टरांचं पेन थांबलं. “मग त्यांना यातलं काय म्हणायचंय?”

“मला नाही माहीत.”

डॉक्टरांनी वही मिटली. खुर्ची काकांसमोर ओढली आणि त्यांच्या डोळ्यांत बघून, आपल्या भाषेत, एक लहानसा प्रश्न विचारला. काका दुभाषीकडे बघू लागले.

तिने दोनदा सुरुवात केली. राग मानू नका, असं म्हणून बघितलं. मग तेही सोडून दिलं.

“काका, जीव द्यावासा वाटतो का तुम्हाला?”

काका रागावले नाहीत. उजव्या हाताच्या अंगठ्याने डाव्या तळव्यावरचा घट्टा चोळत राहिले.

“हे त्या विचारतायत, की तू?”

“दोघी,” ती म्हणाली. आणि आपण खरं बोललो की नाही हे तिला समजेना.

“गुरुवारी घरात कुणी नसतं,” काका म्हणाले.

त्या दिवशी मंगळवार होता. तिने वाक्य डॉक्टरांच्या भाषेत नेलं. डॉक्टर म्हणाल्या, “त्यांना सांगा, आज मी त्यांना एकटं पाठवणार नाही. गुरुवारीही नाही. मुलाला आत्ता बोलावून घेऊ.”

दुभाषीने तसं सांगितलं. काकांनी खिशातून आपला फोन काढला, नंबर लावला आणि तिच्या हातात दिला.

“तूच सांग. पण त्यांच्या भाषेत सांग हां,” ते डॉक्टरांकडे मान करून म्हणाले. “ऑफिसात दिवसभर तो तेच बोलतो. आपल्या भाषेत ऐकलं तर त्याला सोसायचं नाही.”

घंटी वाजत होती. मनातल्या मनात तिने पहिलं वाक्य परक्या भाषेत जुळवून ठेवलं.

फोन उचलला गेला.

“बाबा?” मुलगा घरच्या भाषेत म्हणाला. “काय झालं, बाबा? बोला ना.”