फौजदाराची राखण

“त्या चोरट्या मांजरीला उद्या तुझ्या बहिणीकडे सोडून ये,” धाकूने बायकोला बजावलं. “दोरीवरचे बोंबील रोज कमी होतायत. माझा फौजदार राखणीला आहे म्हणून बाकीचे तरी वाचले!”

“मोठा आला राखणारा! काल माझ्या चिंगळीने नाक ओरबाडलं, तर शेपूट घालून पळाला तुमचा कुत्रा,” हौसा ठसक्यात म्हणाली. मनातून मात्र ती धास्तावली होती. चिंगळीचे गुण तिला ठाऊक होते.

दुपारी ती मागच्या दाराआड उभी राहिली. अंगणात, जबड्यात जबडा अडकवून, बोंबलांच्या जोड्या दोरीवर टांगलेल्या होत्या. चिंगळी खांबावर चढली. फौजदार जोरात भुंकला आणि मग मुकाट्याने दोरीखाली जाऊन बसला. चिंगळीने एक बोंबील ओढला, तसा त्याचा जोडीदार सुटून बरोबर फौजदाराच्या पुढ्यात पडला. दोघं शेजारी बसून निवांत चावू लागली.

हौसाने पदराआड हसू दाबत नवऱ्याला खुणेने बोलावलं. धाकू बघतच राहिला.

“चिंगळीला सोडून येते की,” ती म्हणाली, “पण मग तुमच्या फौजदाराला हप्ता कोण देणार?”