युवर सन

दोन्ही मुलगे एकाच जहाजावर कामाला होते आणि ते जहाज बुडाल्याची बातमी सकाळीच आली होती. दुपारी कंपनीतल्या बाईचा फोन आला. "युवर सन... सेफ," लाइनवरच्या खरखरीत सोपानरावांना एवढंच ऐकू आलं.

ती मराठीत बोलत असती, तर 'तुमचा' म्हणाली की 'तुमचे', यावरूनच कळलं असतं. इंग्रजीतलं 'युवर' मात्र एकाला आणि दोघांना सारखंच, आणि 'सन'पुढचा 'स' खरखरीत विरला असला तर कळणार कसं?

"सन ऑर सन्स, मॅडम? प्लीज!" ते ओरडले.

"सन," ती सावकाश म्हणाली. "ओन्ली वन, सर. सॉरी."

कोणता, हे विचारायला सोपानरावांनी तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारी कान देऊन उभ्या असलेल्या मुलांच्या आईने फोनवर हात दाबून धरला.

"नाव नका विचारू. थोडा वेळ दोघेही असू देत."