छपरावरचा स्पुटनिक

माझी बायको भागरता वारली तेव्हा तिने लावलेल्या वेलाचा एकच भोपळा छपरावर राहिला होता. तो तिथेच वाळून कडक झाला. शेजारची गुणाबाई रोज यायची. "भाऊ, फोडा ना तो. बी मले द्या, मी लावतो."

"नाई फोडत," मी म्हणायचो.

त्याच साली रशियाने आकाशात स्पुटनिक सोडला. कुरखेड्याच्या शाळेत मोठे साहेब येणार होते आणि मास्तरांना त्यांच्यासाठी स्पुटनिकचा नमुना हवा होता. त्यांनी पेपरातलं चित्र दाखवलं. एक गोळा आणि मागे चार लांब काड्या. मी भोपळ्याला चुना लावला, देठाला बांबूच्या चार कमच्या बांधल्या. फोडावा लागत नव्हता, म्हणून दिला.

साहेबांनी तो कानाशी धरून हलवला. आत खुळखुळ वाजलं.

"वा! आत काय बसवलंय?"

 मागून गुणाबाई ओरडली, "भाऊची बायको आहे आत, साहेब! म्हणून तर फोडून नाई राह्यले!"

साहेब दचकले. स्पुटनिक हातातून सुटला आणि फरशीवर फुटला.

मी खाली बसून बिया वेचू लागलो. गुणाबाईही वेचू लागली. शेवटी मी माझी ओंजळ तिच्याच पदरात टाकली.

पुढच्या पावसाळ्यानंतर मास्तर घरी आले. म्हणाले, रशियाचा तो स्पुटनिक केव्हाच खाली पडला.

गुणाबाईने आपल्या छपराकडे बोट दाखवलं. "आमच्या भागरताचे पाहा ना, मास्तर. सात चढले!"