तिसऱ्या मजल्यावरचा ग्लास

सराव म्हणून विश्राम रोज सकाळी पाठीवर दहा किलो गहू बांधून बडोद्याच्या वासणा भागातल्या आपल्या बिल्डिंगचे चारही मजले चढायचा-उतरायचा. सुनंदा त्याच्यासाठी तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर लिंबूपाण्याचा ग्लास ठेवायची. शहाण्णव सालच्या मे महिन्यात तो एका ग्रुपबरोबर, गाईड घेऊन हिमालयातलं शिखर चढायला गेला, तरी तिचा ग्लास चुकला नाही.

"बाबा इथे नाहीयेत, मग ग्लास कोणाला?" उत्कर्षानं आईला विचारलं.

"असू दे गं. हात आपोआप जातो."

मग मनालीहून फोन आला. वर बर्फाचं वादळ झालं होतं आणि त्यांच्या ग्रुपचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या सकाळपासून जिन्यात पावलं वाजू लागली. ओझ्यानं जड झालेली ती पावलं रोज गच्चीच्या कुलूपबंद दारापर्यंत चढत आणि तिथेच थांबत. ग्लास भरलेलाच राही. सुनंदा तो ओतून पुन्हा भरी.

चौथ्या सकाळी पोळी तव्यावर तशीच टाकून ती जिन्यात धावली. कोणीच नव्हतं. ग्लास रिकामा होता, आणि बडोद्याच्या त्या उकाड्यात त्याच्या तळाशी भुसभुशीत बर्फ होता, अजून न वितळलेला.

पावलं तिच्या अगदी जवळून गेली. आज ती उतरत होती.